घसारा कोणी भरायचा?



विषय जुन्या गाडीचा आहे म्हणून लिहायला बसताना जरा संकोच वाटला. आपण इथे नामस्मरण, संस्कार, घरातली शांतता यांवर वाचतो. गाडीच्या खरेदी-विक्रीत परमार्थ कुठून आला, असं कुणी म्हणेल. पण 2025 च्या दिवाळीच्या आसपास आमच्या घरातून एक गाडी गेली आणि एक आली. त्या महिन्याभरात मला माझंच जे रूप दिसलं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

आमच्या बासरला ज्ञानसरस्वतीपुढे लेकरांचा अक्षराभ्यास करायला कुठून कुठून माणसं येतात. नांदेडकडची, निजामाबादची, हैदराबादची. कुणाकुणाची नवी गाडीही सोबत असते. मग तिला हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. मालकाचा चेहरा बघावा, घरी लेकरू आल्यासारखा असतो. इतकी वर्षं इथे राहते, पण गाडी विकायच्या दिवशी तिला देवळापुढे घेऊन आलेला माणूस मी पाहिलेला नाही. घेताना देव साक्षीला लागतो, विकताना नको असतो. असं का, ते आता थोडं कळायला लागलंय.

मी नांदेडला बी.कॉम. केलं. हिशेबाच्या तासाला 'घसारा' शिकवला होता. यंत्र असो की गाडी, वापरली की घासते, आणि तेवढी किंमत दरवर्षी खर्चात टाकायची. आयकराच्या हिशेबात मोटारीला साधारणपणे वर्षाला 15 टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे 6 लाखांची गाडी वर्षाने 5,10,000, दुसऱ्या वर्षी 4,33,500. विमा कंपन्यांचंही कोष्टक असतं. गाडी सहा महिन्यांच्या आत असेल तर 5 टक्के, वर्षाच्या आत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40, आणि पाचव्या वर्षाअखेर 50 टक्के वजा. बाजार तर याहून कठोर. आपण शोरूममध्ये मोजलेल्या पैशांत जीएसटी, रोड टॅक्स, पहिला विमा हे सगळं असतं, आणि त्यातलं काहीच पुढच्या माणसाला वेगळं विकता येत नाही. बायकांना हे सोन्यावरून पटकन समजेल. बांगड्या मोडायला गेलं की घडणावळ कुणी परत देतं का? तसंच हे.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण परीक्षेत लिहिलेला घसारा वेगळा आणि स्वतःच्या अंगणातल्या गाडीचा वेगळा.

आमची पांढरी गाडी 2017 सालची. सगळं धरून 6,30,000 रुपये लागले होते. जुलैमध्ये निजामाबादचा एक दलाल 3,10,000 म्हणाला. आमचे हे उठूनच उभे राहिले. "इतकी जपलेली गाडी! एक ओरखडा नाही. साडेतीनच्या खाली बोलू नका." तो गेला. मग 22 सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तशा जुन्यांच्या मागण्याही खाली आल्या. आमची गाडी तेव्हा अंगणात नुसती उभी होती, तरी तिची किंमत घासली. ऑक्टोबरात तीच गाडी 2,75,000 ला मागितली गेली.

नेमक्या त्याच दिवसांत पुण्याला लेकीसाठी जुनी गाडी बघत होतो. सकाळी मी पोहे परतत असायची आणि बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज यायचा, "अहो, आठ वर्षांची असली तरी एका हातची आहे, इंजिन नव्यासारखं आहे." संध्याकाळी त्याच खुर्चीत, त्याच फोनवर, "पाच वर्षांची गाडी म्हणजे जुनीच की हो! त्यात आता काय राहिलंय?" पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मीही आतून मान डोलावतेय. सकाळीही आणि संध्याकाळीही.

हा काही आमच्याच घरचा रोग नाही. 1990 मध्ये काहनेमन, नेच आणि थेलर या तीन अभ्यासकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग वाटले, बाकीच्यांना नाही. मग ज्यांच्याकडे मग होता त्यांना विचारलं, कितीला विकाल? ज्यांच्याकडे नव्हता त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच. थोड्या वेळापूर्वी तो कुणाचाच नव्हता. 'माझा' हा एक शब्द चिकटला आणि भाव दुप्पट झाला! ममत्वाबद्दल आपण सत्संगात इतकं ऐकतो, पण त्याचं असं मोजमाप मी प्रथमच वाचलं. पुढे काहनेमन आणि थेलर या दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या पिढीच्या बाबतीत आणखी एक कारण असावं. माझ्या वडिलांनी बजाजची स्कूटर नोंदवली तेव्हा नंबर यायला वर्षं लागायची. ज्याला आज हवी तो ताजी स्कूटर वरचे पैसे देऊन घ्यायचा. फियाटचंही तसंच, आणि 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली तेव्हा तिच्यासाठीही रांगा लागल्या. म्हणजे आपल्या लहानपणी हाती आलेलं वाहन लगेच विकलं तरी जास्त पैसे यायचे. गाडी म्हणजे सोन्यासारखी ठेव, ही समजूत तिथून मनात बसली. तो काळ गेला, समजूत मात्र राहिली. म्हणून किंमत कमी सांगितली की कुणीतरी आपल्याला फसवतंय असं वाटतं.

मी एक दिवस दुपारी वही घेऊन बसले. गाडी 2,75,000 ला गेली असं धरलं, तर आठ वर्षांत 3,55,000 गेले. महिन्याला साधारण 3,700, दिवसाला 121-122 रुपये. हे कुठे गेले? सासूबाईंच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही निजामाबादच्या किती खेपा केल्या त्याची मोजदाद नाही. रात्री दोनला निघालेलो आठवतंय. लेकीला पुण्याला सोडलं ते याच गाडीतून. नणंदेच्या लग्नात याच गाडीला फुलं लावली. मग हे पैसे 'गेले' कसे? ते आम्ही वापरले. चंदन उगाळून देवाला लावायचं आणि वर खोड झिजलं म्हणून रडायचं, असं चाललं होतं आमचं. दुकानदार दरवर्षी घसारा खर्चात टाकतो. आपण संसारी माणसं आठ वर्षं तो लिहीतच नाही, आणि विकायच्या दिवशी सगळा एकदम समोर आला की घेणाऱ्यावर चिडतो. खरं तर तो बिचारा आपण केलेल्या खर्चाची आठवण करून देत असतो.

मराठीत दोन शब्द आहेत, किंमत आणि मोल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं उदाहरण बघा. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा किती जणांना भरून आलं! भंगारात तिची किंमत काय आली असती? पण मोल वेगळंच होतं. मोल आपल्यापाशी ठेवावं, किंमत समोरच्याकडून घ्यावी. सासूबाईंच्या खेपांचे पैसे मी धर्माबादच्या मुलाकडून का मागावेत?

हो, त्या मुलाबद्दल सांगायचंय. खरा प्रश्न तिथेच आहे.

2,75,000 ला तयार झालेला तो मुलगा धर्माबादचा, मिरचीच्या आडतीवर हिशेब लिहितो. आपल्या परिवारातलाच, गुरुवारी येणारा. गाडी त्याला आईसाठी हवी होती. पावसाळ्यात बाभळीचे दरवाजे उघडले की गोदामाईचं पाणी कागदपत्रं न दाखवता इकडे येतं, गाडीला मात्र बासरहून धर्माबादला जायचं तर फॉर्म 28 वर ना-हरकत, मग 29, 30, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर. तो खर्च त्याच्यावरच पडणार होता. तरी तो काही बोलला नाही. "काका, तुमची गाडी म्हणजे बघायची गरजच नाही," म्हणाला आणि 5,000 इसार ठेवून गेला.

आणि आमच्या गाडीला 2021 मध्ये अपघात झाला होता. भैंसा रस्त्यावर रात्री कापसाचा ट्रॅक्टर दिव्याशिवाय उभा होता. देवाच्या कृपेने माणसांना काही झालं नाही. बॉनेट, रेडिएटर, डाव्या बाजूचं मडगार्ड बदललं, विम्यातून काम झालं. आता पाहिलं तर कळतही नाही. म्हणूनच तर 'एक ओरखडा नाही'!

मी यांना म्हटलं, "त्याला सांगायला हवं." हे म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलंच असतं. मी खोटं कुठे बोललो?" खरंच होतं. त्या सरकारी फॉर्मांत नाव, पत्ता, चेसिस नंबर, विमा सगळं विचारतात. गाडी कधी ठोकली होती का, असा रकाना नाही.

रात्री मला धर्मराजाची गोष्ट आठवली. द्रोणाचार्यांनी विश्वासाने त्यालाच विचारलं, कारण तो खोटं बोलणार नाही याची खात्री होती. आणि त्याने 'हत्ती' हा शब्द तेवढा हळू उच्चारला. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा, त्या क्षणी तो खाली टेकला. लहानपणी वाटायचं, एवढ्याशा गोष्टीला केवढी शिक्षा. आता वाटतं, शिक्षा हळू बोलण्याची नव्हती. ज्याने विश्वासामुळे पुढे चौकशी केली नाही, त्याच्या विश्वासाचाच उपयोग करून घेतला, त्याची होती. आमच्या मुलानेही विचारलं नाही, ते विश्वासामुळेच. परका असता तर गाडीखाली वाकून बघितलं असतं.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं सोप्या शब्दांत असं: गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खोटी असेल असं धरूनच भाव करतो. मग ज्याची गाडी खरंच चांगली त्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि शेवटी खोट्या गाड्याच जास्त उरतात. त्यालाही 2001 मध्ये नोबेल मिळालं. मला यातून एक उमगलं. जुन्या गाडीच्या भावातून जे वजा होतं, ते सगळंच इंजिनाच्या झिजेचं नसतं. आपल्या आधी कितीतरी जण गप्प बसले, त्याचीही वजाबाकी त्यात असते. लोखंडाच्या घसाऱ्याला इलाज नाही. पण विश्वासाचा घसारा माणसं करतात.

दुसऱ्या दिवशी मी यांना सांगितलं, "तुम्ही नाही बोललात तर मी फोन करते." चहा होईपर्यंत घरात कुणी बोललं नाही. मग यांनीच फोन लावला. तो मुलगा आला, या वेळी मेकॅनिक घेऊन. दोघांनी तासभर बघितली. म्हणाला, "काका, गाडी ठीक आहे, पण 15,000 कमी करा." 2,60,000 ला व्यवहार झाला. हे दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. आणि खरं सांगू? मलाही ते 15,000 टोचत होते. सत्य बोलल्यावर लगेच शांत वाटतं असं आपण लिहितो, पण मला पहिल्यांदा नुकसानच वाटलं. शांतता आठवड्याने आली.

इथे लेख संपवला असता तर किती बरं झालं असतं. पण पुण्याची गोष्ट राहिली आहे.

लेकीसाठी जी गाडी घेतली ती एका आजोबांची. 2020 ची, फारशी न चाललेली. ती त्यांच्या पत्नी चालवायच्या. त्या गेल्या, आजोबांना गाडी येत नाही. त्यांनी 4,40,000 सांगितले होते. आम्ही मेकॅनिकला दाखवली. तो बाजूला येऊन म्हणाला, "गाडी छान आहे, क्लचही चांगला आहे, अजून बरंच चालेल." यांनी आत जाऊन आजोबांना सांगितलं, "बाकी ठीक आहे, पण क्लच प्लेट गेली आहे. 12,000 चा खर्च आहे." आजोबा म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणता तर असेल." मी समोरच बसले होते. त्यांनी स्वतः केलेला चहा माझ्या हातात होता. मी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या कारणांनी आणखी 13,000 कमी झाले, ती रीतसर घासाघीस होती, त्याबद्दल मला काही वाटत नाही. 4,15,000 ठरले. निघताना आजोबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून पत्नीच्या चष्म्याचा डबा काढून घेतला आणि किल्ली लेकीच्या हातात दिली.

हे बासरच्या व्यवहाराच्या आधीचं की नंतरचं, असं तुम्ही विचाराल. नंतरचं. बारा दिवसांनी. विकताना खरं बोलून जी ताठ मान झाली होती, तीच घेऊन मी तिथे बसले होते.

तेव्हापासून विचार करतेय. विकणाऱ्याने खोट लपवली तर त्याला आपण लबाड म्हणतो. घेणाऱ्याने नसलेली खोट काढली तर त्याला काय म्हणतो? 'हुशार.' लग्नाच्या पंगतीत तो ते चारचौघांत सांगतो, आणि आपण कौतुकाने ऐकतो. भाजीवालीच्या ताज्या मेथीला 'सुकलीय' म्हणणारी मीच आहे. दोन्ही वेळी खोटं तेच आहे. उलट हे दुसरं अधिक वाईट असावं, कारण समोरच्याच्या चांगल्या वस्तूबद्दल त्याच्याच मनात कमीपणा घालून आपण ती नेतो. आजोबांना वाटत असेल, आपल्या बायकोने क्लच खराब केला होता.

वहीत हिशेब मांडला: खरं बोलून 15,000 गेले, खोटं ऐकत गप्प बसून 12,000 आले. म्हणजे आमच्या सगळ्या सत्याची निव्वळ रक्कम 3,000 रुपये.

मी यांना म्हटलं, पैसे परत करूया. हे म्हणाले, "झालेला व्यवहार उकरू नये. आणि आजोबांना काय सांगणार, आम्ही खोटं बोललो म्हणून? त्यांना उलट त्रास होईल." यातलं किती खरं आणि किती सोयीचं, मला ठरवता येत नव्हतं. माणसाचा स्वभाव असा की परत न करण्याचं कारण नेहमी दुसऱ्याच्या भल्याचंच सुचतं! शेवटी ठरवलंय, संक्रांतीला लेकीकडे जाऊ तेव्हा तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे मी स्वतः जाणार. निदान एवढं तरी सांगणार की आजोबा, क्लच चांगला होता, काकूंनी गाडी फार छान ठेवली होती. पैशांचं त्यानंतर ते म्हणतील तसं. हे अजून झालेलं नाही. इथे लिहिलं म्हणजे आता टाळता येणार नाही, हाही लिहिण्यातला एक हेतू आहे.

या रविवारी घरात सगळे एकत्र बसाल तेव्हा मुलाबाळांसकट या प्रश्नांवर बोलून बघा. समोरच्याने न विचारलेली खोट सांगणं आपलं कर्तव्य आहे का? आणि समोरच्याच्या वस्तूत नसलेली खोट काढणं ही हुशारी की चोरी? मला वाटतं, गाडी विकताना एकदा मनाने घेणाऱ्याच्या खुर्चीत बसावं, आणि घेताना विकणाऱ्याच्या. दोन्ही खुर्च्यांतून जो भाव सारखाच दिसतो, तो खरा.

वापरलेल्याचा घसारा ज्याने वापरलं त्याने भरायचा, हा हिशेब सरळ आहे. तो आनंदाने भरावा, कारण तेवढे दिवस आपण त्या गाडीतून फिरलो. पुढच्या वेळी गाडी विकायची झाली तर मी ती आधी देवळापुढे नेणार आहे. नारळ तेव्हाही फोडायचा.

चुकलं असेल तर सांभाळून घ्या. 🙏

— एक सेवेकरी भगिनी, बासर